सुवार्ता दौऱ्याआधीचे आठ आठवडे

एखाद्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाने सुवार्ता दौऱ्याला, म्हणजे गावी जाऊन ख्रिस्ताचा संदेश सांगायला, जायचे ठरवले, की पहिल्या बैठकीचा बहुतेक वेळ गाडी कोणती करायची, टी-शर्ट कोणत्या रंगाचे घ्यायचे आणि बॅनरवर कोणते वचन छापायचे यातच जातो. या गोष्टी शेवटच्या आठवड्यातही होतात. नागपूरहून निघालेले जे दौरे मी बिघडताना पाहिले, ते प्रचारात क्वचितच बिघडले. ते बिघडले ताटावर, अंघोळीच्या रांगेत आणि रात्री प्रार्थना कोणत्या भाषेत करायची या प्रश्नावर. ज्यांना एकमेकांच्या घरी पाहुणे म्हणून नीट वागता येत नाही, अशी बारा मुले परक्या गावात पाहुणे म्हणून नीट वागतील, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून प्रथमच गट नेणाऱ्यांसाठी लिहिलेल्या या लेखात गावाइतकेच गटाच्या आतल्या तयारीबद्दलही लिहिले आहे.

गट निवडणे

नागपुरात मिश्र गट मुद्दाम जमवावा लागत नाही. रेल्वेच्या नोकरीमुळे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली तेलुगू, तमिळ आणि मल्याळी कुटुंबे, छत्तीसगड आणि झारखंडकडून आलेली माणसे, ईशान्येकडून शिकायला आलेले विद्यार्थी आणि जुनी मराठी ख्रिस्ती घराणी एकाच शहरात उपासना करतात. मंडळ्यांच्या ऐक्याचा इतिहासही याच शहरात घडला आहे. उत्तर भारताच्या मंडळीची, म्हणजे सीएनआयची, स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच झाली आणि त्या दिवशी सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एक झाल्या. त्या ऐक्याला वाटाघाटींची कितीतरी वर्षे लागली होती. आपल्या गटाला निदान आठ आठवडे द्यावेत.

दहा ते बारा जण पुरेत. त्याहून जास्त माणसे लहान गावाला जड होतात आणि गटातही कंपू पडतात. गाणे चांगले येते किंवा माईकवर धीटपणे बोलता येते एवढ्यावरून कोणाला घेऊ नये. भांडी घासायला सांगितल्यावर कोणाचा चेहरा कसा होतो, ते मंडळीच्या एखाद्या जेवणावळीत गुपचूप पाहून ठेवावे. मुलाखतीत हे कळत नाही. निदान निम्म्या सदस्यांना मराठी किंवा हिंदी सहज बोलता यायला हवी. एका भाषेचा एकटाच सदस्य शक्यतो घेऊ नये, कारण आठ दिवस मातृभाषेत बोलायला कोणीच नसेल तर बडबडे मूलही मुके होते. एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन प्रौढ जबाबदार सोबत असावेत, आणि त्यांची नावे पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) व मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीने लेखी ठरवून द्यावीत.

पहिले दोन आठवडे स्वयंपाकघरात

पहिले दोन शनिवार प्रशिक्षण ठेवू नये. एकत्र स्वयंपाक करावा, एकत्र जेवावे आणि भांडी घासून घरी जावे.

आमच्या एका गटाचे पहिले जेवण हॉलमध्ये होते आणि हौशी मुलांनी नागपूरचा मान म्हणून झणझणीत सावजी रस्सा आणला. मिझोरामच्या मुलीने दोन घास खाल्ले, तांब्याभर पाणी प्यायली, ‘छान आहे’ म्हणाली आणि ताट हळूच बाजूला सारले. त्या रात्री तिने खोलीवर मॅगी करून खाल्ली, हे आम्हाला तिच्या मैत्रिणीकडून आठवड्याने कळले. त्याच पंगतीत एक मराठी मुलगा पोळ्या संपल्या म्हणून कुरकुरत होता आणि केरळचा मुलगा भाताची वाट पाहत बसला होता. तिघांपैकी कोणीही वाढणाऱ्याला काही सांगितले नाही. दौऱ्यावर हेच झाले असते, तर तिसऱ्या दिवशी एक आजारी पडली असती आणि दोघे चिडलेले असते.

पुढच्या शनिवारी आम्ही एक नियम केला: प्रत्येकाने आपल्याला काय खाता येत नाही ते मोठ्याने सांगायचे, आणि ऐकणाऱ्याने हसायचे नाही. त्या मुलीने त्या दिवशी मोहरीचा पाला नुसता उकडून भाजी केली. ‘यात फोडणी कुठे आहे?’ असे विचारणारा मुलगाच शेवटी पातेले पुसून खात होता.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय हा या विषयाचा सर्वात जुना धडा आहे. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी तक्रार केली, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. भांडण भाषेचे होते आणि उठले अन्नावरून. प्रेषितांनी प्रवचन देऊन तक्रार मिटवली नाही, तर सात माणसे निवडून त्यांच्याकडे काम सोपवले, आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. गटनायकाने यातून एवढे घ्यावे, की शिधा आणि पैसे यांचा हिशेब गटातल्या बहुसंख्य भाषिकांकडे ठेवू नये. जो सर्वात कमी बोलतो किंवा ज्याची भाषा गटात दुबळी आहे, त्याच्या हाती हिशेबाची वही द्यावी. त्यामुळे बाकीच्यांना रोज त्याच्याकडे जाऊन बोलावेच लागते.

पाळ्याही तेव्हाच लावाव्यात. भांडी, झाडलोट आणि पाणी भरणे ही कामे मुलींवर आपोआप जाऊन पडतात. त्यासाठी कोणाचा वाईट हेतू असावा लागत नाही. म्हणून पाळीचा तक्ता भिंतीवर लावावा आणि पहिली पाळी गटनायकाची असावी.

भाषा

तिसऱ्या आठवड्यापासून भाषेकडे वळावे. आपली हिंदी सर्वत्र चालते, असा नागपूरकरांचा एक गोड गैरसमज असतो. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत, तेलुगूत आणि मल्याळममध्ये शिक्षा म्हणजे दंड. ‘हम बच्चों को शिक्षा देने आए हैं’ असे उत्साहाने सांगणाऱ्या मुलाकडे मराठी आजीने कसे पाहिले असेल, याची कल्पना करावी. चेष्टा या शब्दाचेही तसेच आहे: हिंदीत तो प्रयत्न, मराठीत थट्टा. असे दहा-बारा शब्द गटानेच शोधून वहीत लिहावेत. या खेळात मुले मनापासून हसतात, आणि प्रत्येकाची भाषा कोणासाठी तरी अवघड असते हे न सांगता कळते.

उच्चारांचे ओझेही असेच वाटले जाते. मराठीतला ‘ळ’ हिंदी किंवा मिझो बोलणाऱ्यांच्या जिभेवर बसत नाही. ‘मंडळी’ची ‘मंडली’ होते. तेलुगू, तमिळ आणि मल्याळी मुलांना मात्र तो घरचा असतो. अशा वेळी मराठी मुलाने मिझो मुलाला शिकवण्यापेक्षा तेलुगू मुलाने शिकवावे, म्हणजे तोही थोड्या वेळापुरता मास्तर होतो.

दौऱ्यासाठी तीनच गीते बसवावीत. एक मराठी भजन ढोलकीवर, एक हिंदी आणि एक गटातल्या सर्वात लहान भाषेतले. शब्द प्रत्येकाने आपापल्या लिपीत उतरवून घ्यावेत. लहान भाषेतले गीत गाण्याआधी त्याचा अर्थ गावाच्या भाषेत दोन वाक्यांत सांगावा आणि मग कोणतेही भाष्य न करता गावे.

साक्षीची, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगण्याची, तयारी सर्वात अवघड आहे. तीन मिनिटांत, मंडळीबाहेरच्या माणसाला समजेल अशी साक्ष प्रत्येकाने तयार करावी. तारण, अभिषेक, ओझे येणे, आत्म्याने भरणे, प्रभूने दार उघडणे हे शब्द आपल्याला इतके सवयीचे झालेले असतात, की ऐकणाऱ्याला त्यांतले काहीच कळत नाही हे लक्षातही येत नाही. सरावाला मंडळीबाहेरचा एखादा ओळखीचा माणूस बोलवावा. आम्ही एकदा हॉलसमोरच्या चहावाल्या काकांना बसवले होते. एका मुलाने ‘मी अंधारात होतो आणि मला प्रकाश मिळाला’ असे सांगितल्यावर त्यांनी अगदी खऱ्या काळजीने विचारले, ‘बाबू, डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं का?’ मुलाने साक्ष पुन्हा लिहिली. या खेपेस त्यात बारावीत नापास झाल्यावरचे सहा महिने होते, वडिलांशी बंद झालेले बोलणे होते, आणि ते पुन्हा कसे सुरू झाले ते होते.

साक्षीत दुसऱ्याच्या देवाबद्दल, पूजेबद्दल किंवा सणाबद्दल एकही वाक्य नसावे. इथे सूट देऊ नये, विनोदालाही नाही.

प्रार्थनेच्या पद्धती

गटात कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट, मारथोमा आणि पेन्टेकोस्टल अशा वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांची मुले एकत्र असतील तर ‘आपण सगळे एकच’ असे म्हणून पुढे जाऊ नये. काहींना सर्वांनी एकाच वेळी मोठ्याने केलेली प्रार्थना हीच खरी प्रार्थना वाटते. काहींना तो गोंधळ वाटतो, आणि ती मुले डोळे उघडे ठेवून दाराकडे पाहत बसतात. चौथ्या आठवड्यात प्रत्येकाने एक सायंकाळ आपल्या पद्धतीने चालवावी आणि इतरांनी पाहुण्यासारखे बसावे. दौऱ्यावर मात्र एकच पद्धत ठरवावी: एकाने शांत आवाजात, थोडक्यात प्रार्थना करावी. रात्री नऊनंतर माईक किंवा ढोल लावू नये, कारण गाव पहाटे उठते. दौऱ्यात प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा हे विषय गटाच्या हाती अजिबात ठेवू नयेत. ते स्थानिक मंडळीचे आणि तिच्या पाळकांचे काम आहे.

जागा आणि वेळ

स्थानिक मंडळीने किंवा स्थानिक संस्थेने बोलावल्याशिवाय कुठेही जाऊ नये. बोलावणे आले, की दोघांनी आधी एक दिवस जाऊन यावे. तिथे पाणी कुठून येते, मुलींसाठी शौचालय आहे का, दवाखाना किती लांब आहे आणि गावात कोणते सण व कामे चालू असतील, एवढे विचारून घ्यावे. सरपंच आणि पोलीस पाटील यांना भेटून आपण कोण, किती जण, किती दिवस आणि कशासाठी येणार ते स्पष्ट सांगावे आणि त्याचे पत्र द्यावे. गडचिरोली आणि मेळघाटातील अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष स्थान दिले आहे. तिथे तिला वगळून काहीही ठरवू नये.

ऋतूचा विचार नागपूरकरांना सांगावा लागू नये, तरी दरवर्षी कोणीतरी ‘मे महिन्यात सुट्ट्या आहेत’ म्हणून मे सुचवतोच. त्या उन्हात शहरातली मुले दुपारी दोनला गावात फिरू शकत नाहीत, आणि गाव तेंदूपाने तोडायला गेलेले असते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला घर रिकामे होते. पूर्व विदर्भात नोव्हेंबरात धान कापणी असते. मेळघाटात होळी हा कोरकू आदिवासींचा सर्वात मोठा सण. तेव्हा कामासाठी बाहेर गेलेली माणसे परत आलेली असतात, परंतु ती सणासाठी आलेली असतात, तुमच्या कार्यक्रमासाठी नव्हे. जानेवारी चांगला.

पावसाळ्यात जाऊ नये. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुराने रस्ता बंद होतो, ही दरवर्षीची बातमी आहे. ज्यांच्या नावाने नागपुरात कॉलेज आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथे आले. त्यांनी गोंडांची भाषा आणि गाणी कान देऊन टिपून घेतली, आणि ती टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली प्रसिद्ध झाली. मृत्यू आला तो सप्टेंबर १८६३ मध्ये, टाकळघाटहून परतताना, पूर आलेला ओढा ओलांडताना. पूल पाण्याखाली असेल तर गाडी थांबवावी. चालक कितीही म्हणो.

जागा ठरली, की गटातल्या भाषांकडे पुन्हा पाहावे. गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात तेलुगू घरोघरी बोलली जाते. नागपुरात गप्प बसणारी तेलुगू मुलगी तिथे गटाची प्रमुख होऊ शकते. गोंडी द्रविड कुळातली आणि कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे. दोन्हींपैकी जी लागेल तिची वीस-पंचवीस वाक्ये तिथल्याच माणसाकडून फोनवर शिकावीत. गडचिरोलीकडे हात जोडून ‘जोहार’ म्हटले, की माणूस थांबून पाहतो.

कायदा

या भागाला एक संपूर्ण सायंकाळ द्यावी आणि मंडळीच्या ओळखीच्या वकिलांना बोलवावे. संविधानाच्या अनुच्छेद २५ प्रमाणे प्रत्येकाला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. तो खटला मध्य प्रदेशच्या १९६८ च्या कायद्यावरून झाला होता. त्याआधी, नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी नियोगी समिती १९५४ साली नेमली गेली आणि तिचा अहवाल १९५६ साली आला. या भागात बाहेरून आलेल्या ख्रिस्ती गटाकडे संशयाने पाहिले जाते, त्यामागे असा जुना इतिहास आहे. मुलांना तो माहीत असला, की कोणी टोकल्यावर ती भांबावत नाहीत.

छिंदवाडा, शिवनी किंवा बालाघाटला जायचे तर राज्य बदलते आणि कायदाही. मध्य प्रदेशात २०२१ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे. आमिष, बळ किंवा फसवणूक यांनी केलेले धर्मांतर तिथे गुन्हा आहे. ज्या राज्यात जायचे, तिथे त्या तारखेला लागू असलेला कायदा वकिलांकडून समजून घ्यावा. भारतीय न्याय संहितेचे कलम २९९, म्हणजे धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याविषयीचे कलम, सर्वांना वाचून दाखवावे.

गटात परदेशी विद्यार्थी असतील तर त्यांना दौऱ्यावर नेऊ नये. विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर मिशनरी काम करता येत नाही, त्यासाठी वेगळा व्हिसा असतो. ओसीआय कार्डधारकांनाही, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही, अशा कामासाठी विशेष परवानगी लागते. त्यांचे वाईट वाटते, पण त्यांनी गीते शिकवावीत, स्वयंपाक करावा आणि निरोप द्यायला यावे.

सेवा आणि प्रार्थना यांची गल्लत करू नये. स्वेटर वाटल्यानंतर प्रार्थनेला बसवणे किंवा बिस्किटाच्या पुड्यासोबत पत्रक देणे कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे आहेच, शिवाय गावाचा अपमान करणारे आहे. शाळेची भिंत रंगवायची तर रंगवावी आणि घरी यावे. औषधे वाटू नयेत; कोणाला चालू असलेली गोळी ‘प्रार्थनेने बरे होशील’ म्हणून थांबवायला सांगणे तर अक्षम्य आहे. बोलणे हवे ते आपल्याला विचारणाऱ्याशीच, त्याच्या गतीने. पुढे ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने नवा करार दिला. गप्पा झाल्या, तो माणूस आपल्या वाटेने गेला, आणि टिळकांचा बाप्तिस्मा पुढे बऱ्याच काळाने, १८९५ साली झाला.

मुले, फोटो, मोबाइल

अठरा वर्षांखालील सदस्यांसाठी पालकांचे लेखी संमतिपत्र घ्यावे. गावातल्या मुलांसोबत कोणीही प्रौढ एकटा, बंद दाराआड राहू नये. निदान दोघे असावेत. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्यात मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘मंडळीतच मिटवू’ हा पर्याय उपलब्धच नाही, हे गटनायकाने स्वतःला आधी सांगावे. फोटो विचारून काढावेत आणि परत येईपर्यंत कुठेही टाकू नयेत. रडणाऱ्या म्हातारीचा, फाटक्या कपड्यातल्या पोराचा फोटो काढूच नये. जेवणात जे वाढतील ते थोडे घेऊन खावे. मोहाची दारू पुढे आली तर हात जोडून ‘आम्ही घेत नाही’ एवढेच म्हणावे, त्यावर उपदेश करू नये.

शेवटचे दोन आठवडे

सातव्या आठवड्यात एक रात्र सर्वांनी हॉलमध्ये जमिनीवर झोपून काढावी. पहाटे पाचला उठून, एका बादलीत अंघोळ उरकून, सातला तयार व्हावे. कोण घोरतो, कोणाला अंधाराची भीती वाटते आणि कोण सकाळी चहाशिवाय बोलत नाही, ते घरीच कळलेले बरे. सामान मोजके: मच्छरदाणी, टॉर्च, ओआरएस, नेहमीची औषधे, आधार कार्डाची प्रत, अंगभर कपडे. टी-शर्ट आता छापायचे असतील तर छापावेत, पण मोठी अक्षरे नकोत.

परत आल्यावर

तीन दिवसांत सर्वांनी पुन्हा त्याच हॉलमध्ये जेवायला बसावे. काय चुकले ते आधी बोलावे. हिशेबाची वही कमिटीपुढे ठेवावी. ज्यांनी बोलावले होते त्यांना फोन करून ‘आमच्यामुळे त्रास काय झाला?’ असे सरळ विचारावे. पहिल्यांदा ते ‘काहीच नाही’ म्हणतील. आठवड्याने पुन्हा विचारावे, म्हणजे दुसऱ्या वेळी खरे उत्तर येते. आम्हाला एकदा असे कळले, की आम्ही सकाळी हापशावर रांग लावली त्यामुळे बायकांना आठ दिवस पाणी उशिरा मिळाले.

गडचिरोलीहून परतलेल्या कोणालाही पुढच्या महिना-दोन महिन्यांत थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करावी आणि आपण कुठे जाऊन आलो ते डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. वसतिगृहात राहणारी मुले हे सांगत नाहीत. त्यांना गटनायकाने आठवड्यातून एकदा फोन करावा.